श्रेयसगुरुजींची छाती

उघड्या अंगानं करायची कामं आता फार उरलेली नाहीत. खाडीत जाळं टाकणारेही टी-शर्ट घालून जातात. हरिहरेश्वरचा श्रेयसगुरुजी मात्र देवळामागच्या खडकांवर, सोवळं नेसून आणि खांद्यावर उपरणं टाकून, आपली छाती रोज परगावच्या माणसांसमोर मांडत आला होता. लोक पिंडदानाला येत. मेलेल्या बापाचं नाव सांगत, आजोबांचं सांगत, पणजोबांशी येऊन अडत. नाव आठवेना की माणसाची नजर इकडेतिकडे फिरते. ती समुद्रावरून, खडकांवरून, कावळ्यांवरून फिरत फिरत गुरुजींच्या छातीवर येऊन थांबे, आणि मग पणजोबा कायमचेच राहून जात.

श्रेयसला छाती होती. पुरुषाला असते ती नव्हे. अंगानं तो सडपातळ, हातपाय काटक, पोट पाठीला लागलेलं. आणि या सगळ्यावर, कुणीतरी आपलं सामान चुकून दुसऱ्याच्या घरी ठेवून जावं तशी, ती दोन. वयात येताना आली आणि न्यायला कुणी परत आलं नाही. पाठशाळेत मुलं त्याला ‘मावशी’ म्हणत. त्यानं वेद मान खाली घालून पाठ केले, आणि मान खाली घातली की पहिलं तेच दिसे.

पुढे त्यानं उपरणं घ्यायची एक रीत शोधून काढली. उजव्या काखेतून डाव्या खांद्यावर, तिथून पाठीमागून पुन्हा पुढं, आणि टोक कमरेला खोचलेलं. त्या गुंडाळण्यात एक शिस्त दिसे. गावातल्या नव्या गुरुजींनी ती उचलली. मग कुणीतरी कुणाला तरी सांगितलं की ही काशीकडची पद्धत. श्रेयसनं दुरुस्ती केली नाही. परंपरा कशा सुरू होतात हे त्याला तेव्हा कळलं. कुणीतरी काहीतरी लपवत असतो.

घरात तिघं. वडील, ज्यांना सगळं गाव दादा म्हणे, ऐंशीला टेकलेले. त्यांनी स्वतः जन्मभर याच खडकांवर श्राद्धं लावली आणि गुडघ्यांनी नकार दिल्यावर पडवीतल्या झोपाळ्यावर मुक्काम हलवला. पुढच्या दोन खोल्या ते पर्यटकांना देत; ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ या पाटीखाली बसून येणाऱ्याचं गोत्र विचारत आणि मगच भाडं सांगत. आणि तिसरी भार्गवी, श्रेयसची बायको. माहेर माणगावचं, श्रीवर्धनच्या शाळेत गणित शिकवायची. गावातल्या गुरुजीला मुलगी मिळणं म्हणजे खडकाला पालवी फुटणं. लग्न ठरवताना तिनं एवढंच विचारलं होतं, “दुपारी घरी असता ना?” शाळा सकाळची होती आणि श्राद्धंही माध्यान्हीपर्यंत आटपत. दोघांच्याही दुपारी मोकळ्या होत्या. संसार त्यावरच उभा होता.

दुपारचं वेळापत्रक झोपाळा ठरवी. जेवण झालं की दादा झोपाळ्यावर आडवे होत आणि पायानं भिंतीला रेटा देत राहत. कड्या करकरत. करकर मंदावे, अडखळे, थांबे. थांबली म्हणजे दादा झोपले. मग मधल्या खोलीचं दार हळूच लोटलं जाई. घरात पाहुणे नसतील तर ही दोघांची वेळ. दोन वर्षांत भार्गवीचे कान असे तयार झाले होते की वर्गात बाकाची करकर थांबली तरी तिला घरची आठवण येई.

बिघडलं ते एका व्हिडिओमुळे. ठाण्याहून पिंडदानाला आलेल्या कुटुंबातल्या भाच्यानं सगळा विधी मोबाइलवर घेतला. नेमका वारा सुटला, काशीकडची पद्धत सुटली, आणि श्रेयसगुरुजी हात जोडून सूर्याकडे पाहत राहिले. खाली कुणीतरी लिहिलं, ‘तीन पिंड पत्रावळीवर, दोन गुरुजींकडे.’ व्हिडिओ फिरत फिरत भार्गवीच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पोचला. तिनं घरी काही सांगितलं नाही, पण त्या दुपारी ती त्याच्याशी इतकं चांगलं वागली की त्याला कळलं.

“मी ऑपरेशन करून घेतोय,” तो म्हणाला. “पनवेलला. तारीख घेतलीय.”

“कशाचं?”

त्यानं उपरण्याकडे बोट दाखवलं.

“मला आहे तशी चालते,” भार्गवी म्हणाली.

आजारी माणसाला ‘चेहऱ्यावर तेज आलंय’ म्हणतात, तसं ते त्याला ऐकू आलं.

दादांना त्यानं सांगितलं, हर्निया. शरीरात काही कापून काढलंय म्हटल्यावर दादा शास्त्र काढतील, व्यंग असलेल्यानं श्राद्ध लावावं की नाही इथपासून सुरुवात होईल, ही भीती. दादांचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे त्यांना आनंदच झाला. घरात एक विषय आला. “खोकताना हातानं धरायचं हो,” त्यांनी बजावलं. परत आल्यावर श्रेयस खोकला, आणि दुखलं तिथंच हात नेला. दादांनी भुवया उंचावल्या. हात सावकाश खाली सरकला.

पनवेलच्या डॉक्टर नेत्रा या तरुण बाई. त्यांनी आधी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, ‘चरबी नाही, ग्रंथी आहे, अनेक पुरुषांना असते’ असं सांगितलं आणि काढून टाकली. घरी पाठवताना सूचना दिल्या. दाबून धरणारा बनियन दिवसरात्र. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, नाडी वाढेल असं काही करायचं नाही. आणि जानवं डाव्या बाजूच्या जखमेवर घासता कामा नये.

बनियनाची पहिली अडचण. तो शिवलेला होता, आणि सोवळ्यात शिवलेलं वस्त्र चालत नाही. डॉक्टरबाई थोडा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “क्रेप बँडेज शिवलेलं नसतं.” पाठशाळा सोडल्यापासून इतकं शुद्ध धर्मशास्त्र श्रेयसनं ऐकलं नव्हतं. काही आठवड्यांनी तो कामावर रुजू झाला तेव्हा उपरण्याखाली गुंडाळलेली पट्टी होती, आणि जानवं, डाव्या खांद्यावरून तिरकं जाण्याऐवजी, गळ्यात माळेसारखं लोंबत होतं.

छाती सपाट झाली होती. तो आरशासमोर उभा राही. समुद्र ओसरल्यावर वाळू दिसावी तशी ती दिसे, जराशी ओली, कुणीच न चाललेली.

पहिली कुरापत काढली रावजीनं. रावजी त्यांच्या वाडीतले नारळ पाडायला यायचा. माडावर चढलेला असतानाही त्याचं बोलणं खाली चालू असे.

“गुरुजी, हार्निया केलात म्हनं?”

“हो.”

“आमच्या मेव्हन्यानं केला. सदानं.” एक नारळ धप्पकन पडला. “तवापासून नुस्ता भजनाला जातोय.”

“म्हणजे?”

“म्हंजे काय? बायको म्हनते, घरी आसला काय आन् नसला काय. सारखाच हाय.” दुसरा नारळ. “तुमचा न्हाय व्हायाचा तसा. तुमी आधीच भजनातले.”

श्रेयस मनातल्या मनात हसला. आपला हर्निया झालेलाच नाही. जी शस्त्रक्रिया झालीच नाही तिचे परिणाम आपल्याला कसे होतील? या विचारानं त्याला फार बरं वाटलं, आणि त्याच दुपारी झोपाळा थांबल्यावर त्याला रावजीचा मेव्हणा आठवला.

काही घडलं नाही. भार्गवीनं हात त्याच्या छातीवर ठेवला. तिचा हात छातीवर होता आणि छातीला ते माहीत नव्हतं. तो छताकडे पाहत राहिला. हात आहे हे दिसतंय, पण लागत नाही. आणि जिथं लागायला हवं होतं तिथंही सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी घरातल्यासारखं शांत.

“दुखतंय का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग?”

“डॉक्टर म्हणाल्यात, नाडी वाढवायची नाही.”

भार्गवीनं त्याचं मनगट धरून नाडी पाहिली. “वाढलेली नाही,” ती म्हणाली. तिच्या बाजूनं ती फक्त माहिती होती. त्याला तो निकाल वाटला.

पुढच्या दुपारी तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्या. मग श्रेयस दुपारी घरी राहीनासा झाला. सुपारी वाळत घातलीय, पाहून येतो. बागमांडल्याच्या जेटीवर पाहुणे उतरणार आहेत, घेऊन येतो. पाहुणे आलेच नाहीत तरी तो जेटीवर उभा राही आणि पलीकडे जाणाऱ्या बोटीकडे पाही. मधल्या खोलीत भार्गवी एकटी चाचणीचे पेपर तपासत बसे. त्या महिन्यात आठवी ब ला फार कमी मार्क पडले.

माणसाला कारण हवं असतं. शिकलेल्या माणसाला ते आपल्याच शिक्षणात सापडतं. श्रेयस खडकांवर उभा राहून एका पार्टीकडून तर्पण करून घेत होता. नेहमीसारखं सांगत होता, “देवांसाठी जानवं सव्य, म्हणजे डाव्या खांद्यावर. ऋषींसाठी निवीती, म्हणजे गळ्यात माळेसारखं. पितरांसाठी अपसव्य, म्हणजे उजव्या खांद्यावर.” आणि बोलता बोलता त्याचा हात स्वतःच्या गळ्यापाशी थांबला. माळेसारखं. ऑपरेशनपासून आजपर्यंत, झोपेत, जेवताना, दुपारी. यजमान ओंजळीत पाणी धरून वाट पाहत होते. पाणी बोटांतून गळून गेलं तरी गुरुजी पुढचं बोलेनात.

घरी आल्यावर तो झोपाळ्यापाशी गेला.

“दादा, एक शास्त्रार्थ विचारायचा होता.”

झोपाळा थांबला. शास्त्रार्थ म्हटलं की तो झोपेशिवायही थांबे.

“एखाद्यानं जानवं सतत निवीती ठेवलं तर?”

“सतत म्हणजे?”

“म्हणजे आठवडेच्या आठवडे.”

“कुणी ठेवलंय?”

“ठाण्याचे एक यजमान आहेत.”

दादांनी चष्म्यावरून पाहिलं. श्रेयसनं पट्टीवर घट्ट उपरणं गुंडाळलं होतं. त्याखाली जानवं कसं आहे ते दिसत नव्हतं. “अरे, सव्य देवांचं, अपसव्य पितरांचं, निवीती ऋषींचं. सतत निवीती ठेवणारा ना देवांचा ना पितरांचा. ऋषी होईल, दुसरं काय!” आणि ते हसले.

“ऋषी संसारी होते की, दादा.”

“होते ना. पण त्यांची मुलं झाली कुठं? कुणी घड्यात, कुणी गवताच्या काडीवर, कुणी यज्ञकुंडातून. सरळ मार्गानं झालेली थोडीच. सांग तुझ्या यजमानांना, घडा आणून ठेवा.”

झोपाळा पुन्हा करकरू लागला. श्रेयसनं माजघरातल्या तांब्याच्या घड्याकडे पाहिलं. त्यात कालचं पाणी होतं.

आता त्याला आपल्यात ऋषीपणाची लक्षणं दिसू लागली. भूक कमी झाली होती. राग येत नव्हता. स्पर्श जाणवत नव्हता, हे तर योगी लोक वर्षानुवर्षं बसून मिळवतात. भार्गवीनं फणस कापताना ‘जरा धरतोस का’ म्हटलं तर तो इतक्या अलिप्तपणे धरी की ती सुरी खाली ठेवून त्याच्याकडे पाहत राही.

“अहो,” ती दादांच्या देखत म्हणे, कारण दादांच्या देखत ती त्याला अहो म्हणे, “तुम्ही घरात आहात का?”

“आहे की.”

“दिसता तेवढेच.”

दादांना खरं कळलं ते मोरीत. त्यांची पाठ चोळून द्यायचं काम श्रेयसकडे होतं. तो वाकला, घासला, पट्टीचं टोक सुटलं आणि लांबच लांब सरपटत दादांच्या कढत पाण्याच्या बादलीत जाऊन पडलं. दादांनी वळून पाहिलं. आधी बादली, मग पट्टी, मग पट्टीचा उगम.

“हर्निया इथं होता?”

श्रेयसनं सगळं सांगितलं. व्हिडिओ सांगितला नाही. दादा ओल्या अंगानं ऐकत बसले. व्यंगाचं काही बोलले नाहीत. त्यांच्या तोंडून निघालं ते दुसरंच.

“म्हणजे आपली छाती काढून आलास?”

“आपली?”

“मग कुणाची?” दादांनी स्वतःकडे बोट दाखवलं. श्रेयसनं इतकी वर्षं ती पाठ चोळली होती. पुढची बाजू त्यानं कधी निरखून पाहिलीच नव्हती. म्हाताऱ्या माणसाचं सगळंच लोंबतं असं धरून चालला होता. आता पाहिलं. सुरकुतलेलं होतं, पण ते तेच होतं. “माझ्या वडिलांना होती. आजोबांची तर बघण्यासारखी. आजोबांना मुलं किती? जेवायला दोन पंगती व्हायच्या. पिढ्यानपिढ्या ही छाती चालत आलीय आणि पिढ्यानपिढ्या वंश चालत आलाय. तू त्यातलं एक काढून टाकलंस. आता दुसऱ्याचं काय?”

“दादा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.”

“नाही कसा? बरोबर चालत आलंय ना?”

हा युक्तिवाद श्रेयसच्या ओळखीचा होता. तो ज्यावर पोट भरत होता त्यातलं बरंचसं याच पुराव्यावर उभं होतं.

“तुम्हाला कधी लाज नाही वाटली?” त्यानं विचारलं.

“कसली?” दादा म्हणाले आणि तांब्या भरून डोक्यावर ओतला.

त्या दिवशी श्रेयसनं जानवं गळ्यातून काढून डाव्या खांद्यावर घेतलं. निदान एक कारण तरी दुरुस्त करता येत होतं. दोरा नेमका जखमेच्या वणावरून गेला. वाकताना, उठताना, आचमन करताना घासत राहिला. दोन दिवसांत तिथं सोललं, लाल झालं, पाणी सुटलं. पट्टी बदलताना भार्गवीनं पाहिलं आणि ती सरळ शाळेला फोन करून रजा सांगू लागली. पहाटेच्या एसटीनं दोघं पनवेलला निघाली. वाटेत ती खिडकीबाहेर पाहत होती. श्रेयस पुढच्या सीटच्या पाठीवर कुणी कोरलेलं एक हृदय वाचत होता.

डॉक्टर नेत्रांनी जखम पुसली, मलम लावलं. “सोललंय फक्त. आतून छान भरलंय. आणखी काही त्रास?”

“त्रास असा नाही. एक शंका आहे.”

“विचारा की, गुरुजी.”

श्रेयसनं भार्गवीकडे पाहिलं. ती भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता पाहत होती.

“माझे ठाण्याचे एक यजमान आहेत,” तो म्हणाला. “त्यांचंही हेच ऑपरेशन झालंय.”

“बरं. काय होतंय त्यांना?”

“ते गृहस्थाश्रमी आहेत.”

“बरं.”

“होते.”

भार्गवी तक्त्यावरून हळूहळू वळली. डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. हसू आलं असेल तर ते त्या टोपणात गेलं.

“हे पाहा,” त्या म्हणाल्या, “तुमच्या यजमानांना सांगा, छातीत होती ती नुसती ग्रंथी. ती पडून होती, काही कमावत नव्हती. पुरुषपण जिथं तयार होतं तिथं मी गेलेलेच नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांचं रक्त तपासलं होतं, सगळं जागच्या जागी होतं. पाहिजे तर पुन्हा तपासू.”

“पण छाती बधिर आहे. त्यांची.”

“कातडीतल्या बारीक नसा दुखावतात. काही महिन्यांत जाग येते. त्या नसा आणि त्या नसा वेगळ्या.”

“मग होत का नाही?”

“भीती वाटत असेल तर नाही होत. घाबरलेल्या माणसाला घास गिळवत नाही, हे तर त्याहून नाजूक काम.”

“आणि ती नाडी?” हे भार्गवीनं विचारलं.

“नाडीचं काय?”

“वाढवायची नाही म्हणाला होतात.”

“ते सुरुवातीच्या आठवड्यांपुरतं होतं! ती मुदत कधीच संपली. सांगितलं होतं मी.” श्रेयसनं ते ऐकलं नव्हतं, त्या वेळी तो शिवलेल्या बनियनाच्या विचारात होता. “पुढेही तक्रार राहिली तर यजमानांना म्हणावं, लाजू नका, या. त्यावरही उपाय असतात. आणि हे जानवं, गुरुजी, अजून महिनाभर इथं लागू देऊ नका. पूर्वी गळ्यात ठेवत होतात, तसंच ठेवा.”

श्रेयसचा चेहरा पडला. पुन्हा ऋषी.

परतताना माणगावला गाडी बदलायची होती. भार्गवीचं माहेर स्टँडपासून हाकेवर होतं, पण तिनं तिकडे पाहिलंही नाही. कँटीनच्या बाकावर बसून तिनं दोन वडापाव आणि दोन चहा मागवले आणि आपला वडापाव अर्धा संपवला.

“ठाण्याचे यजमान,” ती मग म्हणाली. “नाव काय रे त्यांचं?”

“भार्गवी...”

“नाही, गोत्र तरी सांग. दादा विचारतील.”

श्रेयसनं चहात पाहिलं.

“जेटीवर जाऊन उभा राहायचास तो यासाठी? मला वाटलं, नवी छाती आली आणि मी जुनी झाले. आता हा रोज व्हिडिओ काढून घेणार, बायका कमेंटी टाकणार, आणि मी आठवी ब चे पेपर तपासत बसणार.”

“मला वाटलं, तुला कळलं की तू जाशील.”

“कुठं? इथं?” तिनं माहेराच्या दिशेनं वडापाव दाखवला. “ते विचारतील का आलीस. काय सांगू? नवरा ऋषी झाला?”

ऋषीचं तिला कसं कळलं हे त्यानं विचारलं. दादांनी सांगितलं होतं. दादांनी ते दोन नंबरच्या खोलीतल्या पाहुण्यांनाही सांगितलं होतं, ठाण्याचे यजमान म्हणून.

“आणि एक,” भार्गवी म्हणाली. तिचा आवाज बदलला. “शाळेतून आल्यावर मी डोकं कुठं ठेवत होते?”

त्याचा हात सदऱ्याखालच्या पट्टीकडे गेला.

“उशी होती ती माझी. लोक हसले म्हणून तू कापून टाकलीस. मला विचारलंससुद्धा नाहीस.”

“विचारलं होतं.”

“सांगितलं होतंस. तारीख घेऊन.”

“तू म्हणालीस, आहे तशी चालते. मला वाटलं, दयेनं म्हणतेस.”

“दया म्हणून कुणी माणसाच्या अंगावर डोकं ठेवून घोरतं का?”

“तू घोरत नाहीस. शीळ वाजते थोडी.”

“तुला काय माहीत? तू झोपलेला असायचास.”

“नव्हतो,” श्रेयस म्हणाला. “हलत नव्हतो.”

श्रीवर्धनची गाडी लागली. भार्गवी थोडा वेळ उठलीच नाही. मग उठली आणि त्याच्या हातातला उरलेला वडापाव घेऊन खात खात चढली.

दोघं घरी पोचली तेव्हा दुपार अर्धी झाली होती. पडवीसमोर एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती आणि आठदहा माणसं सावलीत दाटीनं बसली होती. मुरुडकडून येताना वाटेत गाडी पंक्चर झाल्यानं त्यांना पिंडदानाला उशीर झाला होता. गावातले बाकीचे गुरुजी जेवून आडवे झाले होते. दादा झोपाळ्यावर पाय देत बसले होते आणि सगळ्यांची गोत्रं विचारून झाली होती.

“आलोच,” श्रेयस म्हणाला. “सोवळं नेसतो.”

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग भार्गवीकडे. तिनं त्याची पिशवी स्वतःच्या खांद्याला घेतली होती. मग श्रेयसच्या सदऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं, जिथं जानव्याचा दोरा दोन्ही बाजूंनी सारखा खाली उतरत होता. ठाण्याचे यजमान दादांच्या डोळ्यांपुढं उभे राहिले असावेत, कारण ते झोपाळ्यावरून उतरले.

“तू थांब. आज मी जातो.”

“दादा, गुडघे...”

“गुडघे पितरांना चालतात. त्यांचेही दुखतच होते.” त्यांनी सोवळं नेसलं, पळीपंचपात्री उचलली, काठी घेतली. उपरणं त्यांनी कधीच नीट घेतलं नव्हतं. आजही ते एका खांद्यावर टॉवेलासारखं टाकलं. पडवीची पायरी उतरताना थांबले आणि मागं न बघता म्हणाले, “श्रेयस, त्या दिवशीचा शास्त्रार्थ अर्धा राहिला होता.”

“कोणता?”

“निवीतीचा. ऋषितर्पण हे एक झालं. जानवं माळेसारखं घ्यायची आणखीही वेळ सांगितलीय. नवऱ्यानं बायकोपाशी जाताना. शास्त्रातच आहे, मी पदरचं सांगत नाही. तुला पाठशाळेत तो भाग शिकवला नसेल. पोरांना शिकवत नाहीत.” काठी पुढच्या पायरीवर टेकली. “पुढं बापानं सांगायचं असतं. माझं राहून गेलं.”

आणि ते निघाले. यजमान मंडळी पाठोपाठ. वळणावर वाऱ्यानं उपरणं उडालं आणि घराण्याची छाती उन्हात मोकळी झाली. ट्रॅव्हलरमधल्या कुणीतरी मोबाइल वर केला. दादांनी तो पाहिला, थांबले, आणि नीट येऊ दे अशा बेतानं जरा ताठ उभे राहिले.

भार्गवी दारात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा हसू दाबून लाल झाला होता, आणि मग दाबणं संपलं.

“म्हणजे इतके दिवस,” तिला धाप लागली होती, “तू सगळी तयारी करून जेटीवर उभा होतास?”

मधल्या खोलीत तिनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं, जखमेची बाजू सोडून. कान हाडाला लागला. तिनं डोकं वर उचललं, पुन्हा ठेवलं, जागा शोधली.

“उशी पातळ झालीय.”

“लागतंय?”

“मला लागतंय. तुला?”

“कळत नाहीये अजून.”

“कळेल,” ती म्हणाली. “बाई म्हणाल्यात.” थोड्या वेळानं तिनं त्याचं मनगट धरलं आणि नाडीवर बोट ठेवलं. यावेळी तिनं काही माहिती दिली नाही.

बाहेर पडवीत झोपाळा वाऱ्यानं रिकामाच हलत होता, करकरत होता. तो थांबायची वाट त्या दिवशी कुणी पाहिली नाही.